पंचेचाळिसातला फोरमन सगळ्यांना आठवतो

गेल्या काही महिन्यांत आलेल्या प्रश्नांत अर्ध्याहून जास्त एकाच गोष्टीचे आहेत. अमका उतारवयातला हेवीवेट आणि तमका नवा पोरगा, जोड लागली तर कोण जिंकंल? मी बॉक्सिंगच्या स्पर्धांना रिंगसाइड डॉक्टर म्हणून बसते, मॅच बघायला मलाही आवडतं, त्यामुळं उत्तर द्यायला हरकत नाही. पण या प्रश्नांच्या आडून घरातल्याच माणसाचं विचारणारेही बरेच निघाले, म्हणून सगळे एकत्र घेते.

प्रश्न (बीड): टायसन पैसे घेऊन जेक पॉलसमोर (यूट्यूबवरून बॉक्सिंगमधे आलेला पोरगा) मुद्दाम हरला असं सगळेच म्हणायलेत. जवानीतला टायसन असता तर?

सगळेच म्हणजे व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक क्लिप, ती मलाच चौघांनी पाठवली. त्यात पुरावा म्हणून काहीच नाही, नुसतं स्लो मोशन आणि मागं म्युझिक. मुद्दाम हरायची गरज काय होती सांगा. 15 नोव्हेंबर 2024 ला टायसन 58 वर्षांचा होता आणि पॉल 27 चा. मॅच आठच राउंडची, राउंड तीनऐवजी दोन मिनिटांचे, ग्लोव्हज नेहमीच्या 10 ऐवजी 14 औंसचे, आणि मूळची जुलैची तारीख टायसनच्या अल्सरमुळं पुढं ढकललेली. एवढी सगळी सवलत असूनही आख्ख्या मॅचमधे त्यानं 97 ठोसे मारले आणि लागले फक्त 18. पहिल्या दोन राउंडनंतर पाय जड झालेले डोळ्यांनी दिसत होते. त्याला फिक्सिंग म्हणत नाहीत, वय म्हणतात. एकविशीतला टायसन असता तर पॉल तीन राउंड टिकला नसता.

प्रश्न (उदगीर): उसिक विरुद्ध इटाउमा, कोण?

2025 मधला उसिक, म्हणजे युक्रेनचा हेवीवेट, असंल तर उसिक, पॉइंट्सवर, म्हणजे जजेसच्या गुणांवर. 38 व्या वर्षी त्यानं वेम्बलीत 27 वर्षांच्या डुबोइसला पाचव्या राउंडमधे झोपवलं, आणि ते नुसत्या ताकदीनं नाही, पायांनी आणि अंतर राखून. इटाउमानं, म्हणजे ब्रिटनच्या तरुण हेवीवेटनं, महिन्याभरातच डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमधे संपवलं हे खरं, पण व्हाइट तेव्हा 37 चा आणि बराच मार खाल्लेला गडी होता. ही जोड लागायला जेवढा उशीर होईल तेवढं पारडं पोराकडं झुकंल.

प्रश्न (नांदेड): मोहम्मद अली भारतात येऊन खेळला होता हे खरं का?

हो. जानेवारी 1980, दिल्ली, आपल्या कौर सिंगबरोबर चार राउंडची प्रदर्शनी लढत.

प्रश्न (परभणी): माझे मोठे बंधू 44 चे आहेत, कॉलेजात असताना बॉक्सिंग करायचे. आता एका ओपन शोमधे 24 वर्षांच्या पोरासोबत लढत ठरवलीय. आम्ही नको म्हणलं तर म्हणतात, फोरमन 45 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला, वय म्हणजे नुसता आकडा. बीपीची आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. काय सांगावं?

हाच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत आठ जणांनी विचारलाय आणि आठही जणांनी फोरमनचंच नाव घेतलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते, बंधूंनाही वाचायला द्या.

5 नोव्हेंबर 1994, लास वेगास. फोरमन 45 चा, समोर मायकल मूरर 26 चा. नऊ राउंड फोरमन मार खात होता, तिन्ही जजेसच्या कार्डावर मागं होता. दहाव्यात एक उजवा लागला आणि मूरर खाली. ताकद सगळ्यात शेवटी जाते, आधी पाय जातात, मग नजर, समोरचा हात येताना दिसणं आणि डोकं बाजूला नेणं यात जो क्षण लागतो तो वाढत जातो. म्हणजे वय झालेला बॉक्सर मारू शकतो, चुकवू शकत नाही. आणि फोरमन 1977 ते 1987 अशी दहा वर्षं रिंगच्या बाहेर होता, त्या दहा वर्षांत त्याच्या डोक्याला मार लागला नाही, हे कुणी सांगत नाही.

आता न आठवणारी नावं बघा. जो लुई, 1951, वय 37, डोक्यावर टॅक्सचं कर्ज, 28 वर्षांच्या मार्सियानोनं आठव्या राउंडमधे दोरांच्या बाहेर पाडलं. लॅरी होम्स 1988 ला 38 चा, टायसन 21 चा, चार राउंडमधे खेळ खल्लास. होलीफिल्ड 2021 ला 58 व्या वर्षी परत आला, पहिल्याच राउंडमधे मॅच थांबवावी लागली. क्लिट्स्को तरी तयारीनं आला होता, 2017 ला 41 व्या वर्षी त्यानं जोशुआला खाली पाडलं सुद्धा, पण अकराव्यात त्यालाच थांबवावं लागलं.

आणि अली. 2 ऑक्टोबर 1980, दिल्लीला येऊन गेला त्याच वर्षी, वय 38, समोर त्याचाच जुना स्पारिंग पार्टनर (सरावातला जोडीदार) होम्स. थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेलं, त्यामुळं फोटोत तिशीतला दिसायचा. मॅचच्या आधी मेयो क्लिनिकमधे तपासणी झाली होती, त्या रिपोर्टात लिहिलेलं होतं की बोट नाकाला लावताना किंचित नेम चुकतो, एका पायावर उड्या मारताना पाहिजे तेवढी चपळाई नाही. तरी लायसन मिळालं. दहा राउंड तो मार खात राहिला, मग त्याचा ट्रेनर डंडीनं मॅच थांबवली. पुढच्या वर्षी परत एक मॅच खेळला. 1984 ला पार्किन्सन्सचं निदान झालं. तो आजार ठोशांमुळंच झाला का यावर डॉक्टर लोक वाद घालतात, पण तपासणीत दिसत असताना त्याला रिंगमधे सोडलं याबद्दल माझ्या मनात वाद नाही. तो रिपोर्ट आठवला की मला अजून राग येतो.

आपल्याकडं यात्रेत कुस्तीचा फड लागतो तेव्हा पंच जोड लावताना दोघांना समोर उभं करून बघतात, वय बघतात, अंग बघतात, जोड बसत नसली तर लावत नाहीत, आणि कुस्तीत पाठ टेकली की संपलं, डोक्यावर कुणी मारत नाही. या ओपन शोवाल्यांना जोडीशी देणंघेणं नाही. बॅनरवर एक केस पिकलेला आणि एक कोवळा चेहरा असला की गर्दी जमते, एवढंच गणित.

चाळिशीनंतर मेंदू हळूहळू आकसत जातो, कवटी तेवढीच राहते. मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि डोकं जोरात हललं की त्यातली एखादी फुटते. रक्त थेंबाथेंबानं साचतं, आठवडे लागतात. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असंल तर ते थांबतही नाही. माझ्याकडं असा एक माणूस आला होता, चाळिशी ओलांडलेला, अशाच एका शोमधे तीन राउंड खेळलेला. त्या रात्री काहीच झालं नाही, हसत घरी गेला. पाच आठवड्यांनी बायकोच्या लक्षात आलं की चालताना पाय ओढतोय आणि नावं विसरतोय. तोवर घरचे म्हणत होते उन्हाचा त्रास असंल. डोक्याचा सीटी स्कॅन काढला तर अर्ध्या बाजूला रक्त. ऑपरेशन झालं, वाचला, पण आधीसारखा राहिला नाही. त्या शोला डॉक्टर नव्हता, अॅम्ब्युलन्स नव्हती, फिटनेस सर्टिफिकेट कुणी मागितलंच नव्हतं.

अॅमॅच्युअर (हौशी) बॉक्सिंगमधे एलिट, म्हणजे मोठ्यांच्या गटाला 40 ची मर्यादा उगीच ठेवलेली नाही. बंधूंची लढत रद्द करा. बॅग मारू द्या, दोरीउड्या मारू द्या, पोरांना शिकवू द्या, त्यात त्यांचा जुना खेळही राहील, पण त्याच्याही आधी फिजिशियनला दाखवून बीपी आणि हृदय तपासून घ्या. आणि लढत खेळायची म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण एकानं तसं केलं होतं.

प्रश्न (हिंगोली): हेडगार्ड घातलं तर मग भीती नाही ना?

आहे. हेडगार्डनं भुवई फाटायची वाचते, आत मेंदू हलतो तो हलतोच. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुषांचं हेडगार्ड काढलं ते त्यामुळंच. स्पारिंगला घालाच, पण घातलंय म्हणून जास्त ठोसे खाऊ नका.

प्रश्न (अंबाजोगाई): आमच्या जिमचे सर टेस्टोस्टेरॉन वाढवायचा कोर्स देतात, म्हणतात परदेशातले म्हातारे बॉक्सर यावरच खेळतात. घेऊ का? वय 29.

नाही. एकोणतिसाव्या वर्षी बाहेरून दिलं तर शरीर स्वतः बनवायचं बंद करतं, मूल व्हायला अडचण येते, रक्त घट्ट होतं, आणि स्पर्धेत सापडलात तर बंदी. लेबल फाडलेली बाटली आणि बिल नसलेलं इंजेक्शन विकणारा माणूस सर नाही, दुकानदार आहे. एखादा डोस घेतला असंल तर लपवू नका, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात नाहीतर अंबाजोगाईच्याच मेडिकल कॉलेजात दाखवा, काय घेतलं ते खरं सांगा.

प्रश्न (जालना): अली आणि टायसन, दोघं ऐन भरात असताना?

1967 चा अली, पॉइंट्सवर.

प्रश्न (लातूर): मुलगा 17 चा. जिममधे एका मोठ्या, वजनानं बराच जास्त असलेल्या खेळाडूसोबत स्पारिंग केलं, कानशिलावर बसली. रात्री दोन उलट्या झाल्या. कोच म्हणले पेनकिलर द्या, उद्या पाठवा, सवय होते. आज सहा दिवस झाले, डोकं दुखायचं थांबेना, मोबाइलकडं बघवत नाही. काय करावं?

तुमचा मेसेज वाचल्या वाचल्या मी फोन केला आणि तुम्ही त्याच संध्याकाळी त्याला नेलंत, सीटी नॉर्मल आला, हे इथं बाकीच्यांसाठी लिहिते. पण सहा दिवस थांबायला नको होतं. डोक्याला मार लागल्यावर उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, बोलताना अडखळणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, झटका, कान किंवा नाकातून पाणी, यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी जिथं सीटी स्कॅन आहे त्या दवाखान्यात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही, आणि डॉक्टरनं बघायच्या आधी आपल्या मनानं पेनकिलर द्यायची नाही, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. सीटी नॉर्मल म्हणजे मेंदू बरा झाला असंही नाही, मुका मार त्यात दिसत नाही. डोकेदुखी पूर्ण जाऊन न्यूरोलॉजिस्ट लेखी देईपर्यंत ग्लोव्हज घालायचे नाहीत, आधी शाळा, मग चालणं, मग पळणं, मग बॅग, आणि स्पारिंग सगळ्यात शेवटी, तेही त्याच्याच वयाच्या आणि वजनाच्या पोरासोबत. पहिला मार भरायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदू मिनिटांत सुजतो. कोचला हे सांगायला तुम्हाला अवघड वाटत असंल तर माझा नंबर द्या त्यांना, मी बोलते.