जहाज धक्क्याला बांधायला पोलादी वायररोपऐवजी सिंथेटिक दोर चालतो का?

हो, चालतो, मोठ्या टँकरवर आणि टगवर (जहाजं ओढणाऱ्या बोटींवर) तो आज सर्रास वापरात आहे, पण साधा नायलॉन नव्हे, एचएमपीई म्हणजे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा. जेल-स्पिनिंग या धागा काढण्याच्या पद्धतीत त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या धाग्याच्या दिशेने सरळ ओढल्या जातात, ताकद तिथून येते. तेवढ्याच जाडीच्या वायरइतका भार तो पेलतो, वजन मात्र साधारण सातवा हिस्सा. घनता ०.९७, म्हणजे पाण्याहून कमी, म्हणून पाण्यावर तरंगतो. शिवाय तुटक्या तारांची टोकं हातात घुसत नाहीत. खलाशांच्या दृष्टीने मला हीच सर्वांत मोठी गोष्ट वाटते. अडचण उष्णतेची: साधारण १४५ अंश सेल्सिअसला तो वितळतो, आणि दोर ज्यावरून सरकतो त्या, वायरने चरे पाडलेल्या जुन्या रोलरवरून ओढला तर भराभर झिजतो. आधी ते रोलर घासून गुळगुळीत करा किंवा बदला.