५ वॅट ट्रान्समीटरची पॉवर मोजायला आरएफ पॉवर सेन्सर कसा लावावा?

सेन्सर थेट जोडू नका. ५ वॅट म्हणजे +३७ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पॉवर), आणि नेहमीच्या डायोड सेन्सरची मर्यादा +२० डीबीएमच्या आसपास असते. डायोड क्षणात जळेल. मध्ये ३० डीबीचा, किमान १० वॅट सोसणारा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारा भाग, घाला.

मीटर अर्धा तास तापू द्या. मग सेन्सर जोडलेलाच ठेवून ट्रान्समीटर बंद करा आणि झीरो घ्या, म्हणजे सिग्नल नसताना मीटर शून्यावर आणा. आरएफ चालू असताना झीरो घेतला तर लहान पातळीची सगळी रीडिंग चुकतात. मीटरला ५० मेगाहर्ट्झ, १ मिलिवॅटचा रेफरन्स असेल तर त्यावर कॅलिब्रेट करा.

आता ज्या फ्रिक्वेन्सीवर मोजताय ती मीटरमध्ये भरा. हे हमखास राहून जातं, आणि मग चुकीचा कॅल फॅक्टर (त्या फ्रिक्वेन्सीसाठीची सेन्सरची दुरुस्ती) लागतो.

ऑफसेटही, म्हणजे अटेन्युएटर आणि केबलमध्ये कमी होणारी पॉवर, छापील आकड्यावरून भरू नका, मोजून भरा. त्याच फ्रिक्वेन्सीवर मोजल्यावर अटेन्युएटरची घट ३०.४ आणि केबलची ०.६ डीबी आली, तर ऑफसेट ३१ डीबी. सेन्सरवर +६.० डीबीएम आले की खरी पॉवर +३७.० डीबीएम.

एन कनेक्टर जोडताना फक्त नट फिरवा, सेन्सरची बॉडी नाही. पिन घासते आणि दर वेळी वेगळं रीडिंग येतं. ५० ओहमचा मेल ७५ ओहमच्या फीमेलमध्ये तर कधीच घालू नका, जाड पिनने आतले संपर्क फाकतात.

सिग्नल पल्स असेल तर ॲव्हरेज सेन्सर सरासरीच दाखवतो. ड्यूटी सायकल (एकूण वेळेत पल्स चालू असण्याचा वाटा) १० टक्के असेल तर पल्समधली पॉवर १० डीबीने जास्त धरा.