रिफर्बिश्ड झेरॉक्स मशीन बंद, सप्लायर म्हणतो जुन्या मालाला गॅरंटी नसते

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. तहसीलसमोर छोटं झेरॉक्सचं दुकान, 70 हजारांचं रिफर्बिश्ड मशीन, बिलावर पेनाने '6 महिने वॉरंटी', आणि दुसऱ्याच महिन्यात कॉपीवर काळे पट्टे, पेपर जॅम. आता सप्लायर म्हणतो जुन्या मालाला कसली गॅरंटी, वर धंद्यासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही.

ग्राहक नाही हे साफ चूक. ग्राहक संरक्षण कायदा 2019 धंद्यासाठीची खरेदी वगळतो खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरायला स्वतः वापरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची खरेदी धरली जात नाही, आणि लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या 1995 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मदतीला एखाददुसरा माणूस असला तरी ग्राहकपण जात नाही. म्हणून तक्रारीत 'मशीन मी स्वतः चालवते, घर त्यावरच चालतं' हे लिहाच, हे राहिलं की समोरचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो.

जुना माल असला तरी विकणाऱ्याने जो दावा केला त्यात माल कमी पडला तर कायद्याने तो दोषच, मग दावा बिलावर असो की व्हॉट्सॲपवर. चॅट डिलीट करू नका. आजच मशीनमधून काउंटरची प्रिंट काढा, त्यावर एकूण किती कॉपी निघाल्या ते येतं. विकताना हा आकडा, म्हणजे मीटर, कमी सांगितलं असेल तर हा कागद फार कामाचा. काळे पट्टे आलेल्या कॉप्यापण तारीख टाकून ठेवा. आणि 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते, मशीन कुणी रिफर्बिश केलं आणि त्याचा नोंदणी नंबर काय, हे सप्लायरला पाठवायच्या नोटिशीत विचारा.

जुनं घेऊन चूक केली असं तुम्ही लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. नीट दुरुस्त केलेलं मशीन अजून कितीतरी चालतं, तेवढा कचरा टळतो, पण विकणारेच असे हात वर करायला लागले तर लोक परत जुन्याच्या वाटेला जाणार नाहीत, म्हणून हे सोडू नका असं मी कळकळीने सांगतोय.

आधी 1915 हेल्पलाइनवर तक्रार करा, सोबत सप्लायरला स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस. नाही ऐकलं तर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा, सप्लायर दुसऱ्या शहरातला असला तरी चालतं, 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. मध्येच तो 'रिपेअरला नेतो' म्हणाला तर सीरियल नंबर आणि मीटर लिहिलेली सहीची पोच घेतल्याशिवाय मशीन हलू देऊ नका.