वाघ नाही, तर पोरांना दाखवणार काय?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या पक्षी-संशोधन केंद्रात रविवारी सगळ्यांसाठी निसर्गफेरी असते. सातवीची पोरं न्यावीत म्हणते, पण पालक विचारतात, “वाघ नाही, तर दाखवणार काय?”
– एक शिक्षिका, जि. गोंदिया

उत्तर : बाई, न्याच. वाघासाठी जिप्सीचे पैसे मोजावे लागतात. सारस तुमच्या धानाच्या बांधीत फुकट उभा असतो. सहा फुटांपर्यंत उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. पावसाळ्यात पाणथळीत, कधी बांधीतच घरटं रचतो. अंडी बहुधा दोन. बांधीत घरटं म्हटल्यावर कीटकनाशकांच्या फवारणीचा विषय निघाला तर निघू द्या, पालकही सोबत असतील तर उत्तमच. हिवाळ्यात तळ्यावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, दिसू शकतात.

पहाटेच पोचा. भडक कपडे नकोत. आणि पोरांकडून वहीत पक्ष्यांच्या नावांची यादी करून घेऊ नका, त्या प्रकाराचा मला वीट आलाय! एकच पक्षी दहा मिनिटं बघायला लावा : काय खातो, कुणाला हुसकावतो. गावातले एखादे ढिवर, म्हणजे मासेमार समाजातले, आजोबा आले तर फारच बरं. तळ्यातला कोणता मासा कुठल्या गवतात अंडी घालतो, हे आम्हा पदवीवाल्यांना तेच सांगतात. केंद्राला मात्र आठवडाभर आधी कळवा, दुर्बिणी मोजक्याच असतात.