वाचकांचे प्रश्न : हॉल भरला की माईक का तुटतो?

प्रश्न : आमच्या नाट्यगृहात आठ कॉर्डलेस कॉलर माईक आहेत. दुपारच्या तालमीत सगळे स्वच्छ वाजतात. रात्री हॉल भरला की दोन-तीन माईक खरखरतात, वाक्याच्या मध्येच तुटतात. रिसिव्हर प्रेक्षागृहाच्या मागे, मिक्सरशेजारच्या रॅकमध्ये आहेत. माईक नवे घ्यावेत का? (मिरज)

उत्तर : आधी रिसिव्हर हलवा, पैसे नंतर खर्च करा. नटाच्या अंगावरच्या पॅकची, म्हणजे ट्रान्समीटरची, ताकद साधारण १० ते ५० मिलिवॉट. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि ते या लहरी शोषून घेते. रिकाम्या खुर्च्यांवरून २५ मीटर सहज जाणारा सिग्नल भरलेल्या खुर्च्यांवरून जाताना दम टाकतो. रिसिव्हर विंगेत न्या आणि तिथून स्टेजबॉक्सपर्यंत (रंगमंचावरच्या तारा मिक्सरकडे नेणारा डबा) एक्सएलआर केबल, म्हणजे माईकची नेहमीची तीन पिनांची तार, टाका. अँटेना नटांच्या डोक्याच्या वर, एकमेकींपासून फाकवलेल्या, रंगमंच थेट दिसेल अशा हव्यात. एलईडी वॉल मागे असेल तर तिच्यापासून निदान तीन मीटर लांब.

दुसरा संशय फ्रिक्वेन्सीवर. २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जीसाठी गेला. त्यातला ७०३ ते ७४८ मेगाहर्ट्झ हा भाग फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा. तुमचे माईक या भागात असतील, तर प्रेक्षकांसोबत त्यांच्या खिशातला अडथळाही आत येतो. ७५८ ते ८०३मध्ये टॉवर स्वतः बोलतो, म्हणजे तिथला त्रास दुपारीही दिसेल. मागच्या स्टिकरवर आकडा वाचा. या पट्ट्यातला माईक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

फ्रिक्वेन्सीचे आकडे समान अंतरावर ठेवण्याची चूकही फार होते. ६००, ६०१, ६०२ दिसायला नीटनेटके, पण पहिले दोन मिळून ६०२वरच भूत, म्हणजे खोटा सिग्नल, उभे करतात (६०१ची दुप्पट वजा ६००). म्हणून आठही माईक कंपनीने दिलेल्या एकाच ग्रुपमधल्या वेगवेगळ्या चॅनेलवर लावा. स्कॅन करताना (रिसिव्हर मोकळ्या फ्रिक्वेन्सी शोधतो तेव्हा) सगळे ट्रान्समीटर बंद, पण लाइट आणि एलईडी वॉल चालू. मग मिक्सरवर सगळे म्यूट करून आठही ट्रान्समीटर सुरू करा आणि एकेक बंद करत जा. बंद केलेल्याच्या रिसिव्हरवर सिग्नलचे दिवे तरीही लागत असतील, तर ती फ्रिक्वेन्सी बदला. चालू ट्रान्समीटर मेकअपच्या टेबलावर एकत्र ढीग करून ठेवले तरी हीच भुते निघतात.

शेवटी वेशभूषा पाहा. नऊवारीवर धातूचा कंबरपट्टा आणि त्याखाली दडपलेली अँटेना, हा हमखास गोंधळ. पॅक पाठीवर वर बांधा, अँटेना सरळ सोडा. घामासाठी पॅक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. लहरींना प्लॅस्टिक आड येत नाही.

प्रश्न : डिजिटल मिक्सरवर प्रत्येक प्रवेशासाठी वेगळा सीन, म्हणजे सगळ्या बटणांची मांडणी, साठवला आहे. पण पुढचा सीन बोलावला की आधीच्या प्रवेशात सुधारलेला गेन (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते) आणि इक्यू (सूर-पट्ट्यांची कमी-जास्त) जुन्या जागी जातो. (डोंबिवली)

उत्तर : मिक्सर सांगितलेलेच करतो: साठवताना जे होते ते सगळे परत आणतो. मेनूत रिकॉल सेफ (सीन बोलावला तरी हे हलवू नको, असे सांगायची सोय) शोधा आणि गेन, इक्यू, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) यांना सेफ करा. सीनने फक्त म्यूट आणि फेडर (आवाज वर-खाली करायची सरकपट्टी) बदलावेत. नाटकाला एवढे पुरते. गेन पहिल्या तालमीतच बसवा. नेहमीच्या बोलण्याला मीटर उणे १८ डेसिबलच्या आसपास, किंचाळीला उणे ६च्या खाली. त्याआधी रिसिव्हरवरचा पीकचा लाल दिवा बघा. तो लागत असेल तर आवाज ट्रान्समीटरमध्येच फाटला आहे. तो मिक्सरवर शिवता येत नाही, बॉडीपॅकची सेन्सिटिव्हिटी कमी करावी लागते.

प्रश्न : दोन पात्रे जवळ आली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, शिट्टीही वाजते. (पणजी)

उत्तर : एकाचा आवाज दोन माईकमध्ये शिरतो आहे. दुसरा माईक ३४ सेंटिमीटर लांब असेल तर त्यात तोच आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्हींची पातळी जवळपास सारखी असली की ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात. मिठीच्या प्रवेशात एकच माईक उघडा ठेवा, दुसरा १० डेसिबल खाली. उघडा माईक दोघांनाही टिपतो. शिट्टीचा हिशेब असा, की उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ उघडे म्हणजे ९ डेसिबल गेले. त्यामुळे संहिता शेजारी ठेवून, संवाद येईल त्याचाच फेडर वर न्यायचा. कंटाळवाणे काम आहे, पण ऑटोमॅटिक गेटवर (आवाज आला की माईक आपोआप उघडणारी सोय) सोडले तर वाक्याची पहिली अक्षरे गिळली जातात.

प्रश्न : चार्जिंगचे सेल चालतात का? (इंदूर)

उत्तर : चालतात, २००० एमएएचच्या वरचे निकेल मेटल हायड्राइड घ्या. ते १.२ व्होल्टचे असतात, म्हणून ट्रान्समीटरच्या मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचे चित्र खोटे बोलते. मध्यंतरात बदलायचा जोड चार्ज करून विंगेत तयार ठेवा. घड्याळात घालायचे स्वस्त सेल माईकमध्ये नकोत.