लांबट्याचा जुना कुठला असेल तर द्या

मागच्या अंकात आम्ही विषय दिला होता : एका भूमिकेनं पुन्हा उभे राहिलेले नट. पत्रं पिशवीभर आली. आधीच सांगतो, मी समीक्षक नाही. बावीस वर्षं एका वितरकाकडे ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ होतो. म्हणजे सिनेमाच्या पेटीबरोबर एसटीनं गावोगाव जायचं, तिकिटांची पुस्तकं मोजायची आणि टॉकीजवाल्यानं खुर्च्या लपवल्या नाहीत ना, हे बघायचं. त्यामुळे माझी उत्तरं पडद्यापेक्षा तिकीटखिडकीकडून येतील. चालवून घ्या.

‘अ‍ॅनिमल’मध्ये बॉबी देओल एक शब्दही बोलत नाही, तरी त्या एका भूमिकेनं त्याचं नशीब उघडलं. नट न बोलता उठतो, हे तुम्हाला पटतं का? (एक वाचक, इचलकरंजी)

अर्धं पटतं. १ डिसेंबर २०२३ ला सिनेमा लागला. बॉबी येतो मध्यंतरानंतर, फार वेळ राहतही नाही, पण डोक्यावर ग्लास ठेवून तो नाचला आणि आमच्या सोसायटीतली पोरं आठवडाभर स्टीलचे पेले फोडायच्या बेतात होती. (स्टीलचे फुटत नाहीत, चेपतात. आमचे दोन चेपले.)

पण ‘एका भूमिकेनं’ म्हणताना तुम्ही २०२० विसरलात. लॉकडाऊनमध्ये लोक घरात अडकले होते, तेव्हा ‘आश्रम’ या वेबमालिकेतला त्याचा बाबा फोनवर बघितला गेला. सोज्वळ चेहऱ्याचा हा माणूस वाईटही शोभतो, ही सवय प्रेक्षकाला तिथं लागली. नवा माल आधी चाखायला दिला, मग दुकान मांडलं, असा तो प्रकार आहे.

आणि मुकेपणाचं म्हणाल तर सुनील दत्तच्या ‘रेश्मा और शेरा’त (१९७१) एक उंच पोरगा मुक्याचं काम करत होता. पुढं ज्याच्या आवाजावर देश डोलला, त्यालाच तिथं आवाज नव्हता. त्या मुकेपणानं त्याचं काही भलं झालं नाही. तेव्हा बोलणं-न बोलणं यावर काही ठरत नाही.

‘जंजीर’ आधी दुसऱ्या बड्या नटांकडे गेला होता, असं वाचलं. त्यांच्यापैकी कुणी हो म्हटलं असतं तर अमिताभ झालाच नसता का? (एक वाचक, बार्शी)

धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार ही नावं सगळ्याच हकिगतींत येतात. देव आनंदला आपल्या वाट्याला गाणी हवी होती, असं सांगतात. हे मात्र नीट बघा. ‘जंजीर’मध्ये गाणी आहेत, यारीचं गाणं तर अजून लग्नाच्या वरातीत वाजतं, पण ते आहे प्राणला. नायक गात नाही. झाडाभोवती फिरत नाही. त्या काळात राजेश खन्नाच्या मानेच्या झटक्यावर टॉकीज चालत होती, आणि इथला इन्स्पेक्टर विजय कपाळाला आठ्या घालून बसलेला. कुठला स्थिरावलेला नट असला धोका पत्करेल? ज्याच्याकडे गमवायला काही उरलेलं नाही, तोच.

अमिताभकडे तेव्हा खरंच काही उरलेलं नव्हतं. ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) हा गोव्याच्या मुक्तीचा सिनेमा, त्यात सातांमधला एक. ‘आनंद’मध्ये वाहवा झाली, पण सिनेमा राजेश खन्नाचा. मग ‘बन्सी बिरजू’, ‘एक नजर’, ‘रास्ते का पत्थर’, ‘बंधे हाथ’. यातल्या काहींच्या पेट्या मी स्वतः वाहिल्या आहेत. जाताना जेवढ्या जड, येताना त्याहून जड वाटायच्या.

‘जंजीर’ लिहिणाऱ्या सलीम-जावेदनी त्याला हेरलं ‘बॉम्बे टू गोवा’तल्या मारामारीत. मार खाऊन पडतो, उठतो आणि तोंडातलं चघळणं चालूच. जावेद अख्तरनी हे अनेकदा सांगितलंय. मला त्यातली गंमत अशी वाटते की, तो सिनेमा आम्हीही पाहिला होता. मी, टॉकीजचे मालक, डोअरकीपर, सगळ्यांनी. आम्हाला दिसला मेहमूद.

११ मे १९७३ ला ‘जंजीर’ लागला. आमच्या बाजूला पेटी आली तेव्हा पाऊस सुरू झाला होता. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमालकाशी ‘एमजी’वर, म्हणजे किमान हमीच्या रकमेवर, घासाघीस चालली होती. मालक पान चघळत म्हणाला, “पाहुणं, प्राणचा आहे म्हणून घेतो. त्या लांबट्यावर दिडकी द्यायचो नाही.” पोस्टरवर लाल दाढीचा प्राण मोठा दिसावा म्हणून त्यानं बोर्ड रंगवणाऱ्याला वेगळे पैसेही दिले.

पहिल्या खेळाला निम्मी खुर्ची रिकामी. मी मागं भिंतीला टेकून उभा होतो, कारण डोकी मोजायची होती. पोलीस चौकीचा प्रसंग आला. शेरखान, म्हणजे प्राण, ऐटीत बसायला जातो आणि विजय खुर्चीला लाथ घालतो. पिटात, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांवर, एकदम शांतता झाली. शिट्टी नाही, काही नाही. प्राणला कुणी असं बोलतं, याची कुणाला सवयच नव्हती. मग मागच्या बाकड्यावरनं कुणीतरी हळूच म्हणालं, “आयला.” एवढंच. रात्रीच्या खेळाला पिटात जागा नव्हती, आणि रविवारी हाऊसफुल्लचा बोर्ड शोधावा लागला. तो गोदामात पोत्यांखाली गेला होता.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. धर्मेंद्रनं केला असता तर सिनेमा चालला असता, मारामारीचा एक चांगला सिनेमा म्हणून. पण शेरखानसमोर धर्मेंद्र उभा राहिला असता तर ‘आयला’ आलं नसतं. त्याच्याकडून लाथेची अपेक्षाच होती. ‘आयला’ आलं ते त्या लांबट्याला कुणी मोजत नव्हतं म्हणून. आपटलेले सगळे सिनेमे त्या एका लाथेत कामाला आले.

आणि पुढचं ऐका. दोन-तीन महिन्यांनी तोच मालक आमच्या ऑफिसात आला. चहा झाला, इकडतिकडचं झालं, मग मुद्द्यावर आला : “लांबट्याचा जुना कुठला असेल तर द्या. मॅटिनीला लावतो.” आम्ही खुशीत. पडून असलेली एक प्रिंट झटकली, तुटलेले जोड लावले, पाठवली. पोस्टरवर या खेपेला लांबट्या एवढा मोठा की नायिका दिसेना. पहिल्या दिवशी लोक आले. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. तोच नट, तेच उंच पाय, तोच आवाज. सिनेमा दुसऱ्यांदा पडला! धंद्यात इतकी वर्षं काढली, पण यापेक्षा मोठा धडा मला मिळाला नाही.

हॉलिवूडमध्ये असं होतं का? (एक वाचक, नवी मुंबई)

होतं तर. ‘गॉडफादर’च्या वेळी मार्लन ब्रँडोला स्टुडिओ नको म्हणत होता. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, एवढं नाव कमावलेल्या माणसाची चाचणी घ्यायची, हे दिग्दर्शक कोपोलानं त्याच्याच घरी जाऊन हुशारीनं उरकलं. ब्रँडोनं केसांना बुटाचं पॉलिश लावलं, गालात बोळे कोंबले, आणि तिथंच म्हातारा कोर्लिओने उभा राहिला. जॉन ट्राव्होल्टाचं ‘पल्प फिक्शन’ (१९९४) तुम्हाला ठाऊक असेलच.

मला जास्त आवडते ती फ्रँक सिनात्राची गोष्ट. गायक म्हणून खाली आलेला, रेकॉर्ड कंपनीनं सोडलेला. ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’तला (१९५३) शिपाई मॅजिओ मलाच द्या म्हणून त्यानं उंबरठे झिजवले. स्टुडिओच्या मालकाकडे शब्द टाकला तो सिनात्राच्या बायकोनं, अ‍ॅव्हा गार्डनरनं. पुढच्या वर्षी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर घेऊन आला. शब्द कुणी टाकला, हे असल्या हकिगतींत शेवटच्या ओळीत येतं. बऱ्याचदा येतच नाही.

तुमच्या सदरात नेहमी नटच असतात. नट्या उठत नाहीत की तुम्हाला दिसत नाहीत? (एक वाचक भगिनी, नाशिक)

ताई, कान धरला. चूक माझी.

नीना गुप्ता घ्या. २०१७ साली, साठीला टेकलेली असताना, तिनं इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, चांगलं काम हवंय. आमच्या धंद्यात काम मागणं म्हणजे भाव उतरणं. नट उपाशी राहील, पण ‘सध्या स्क्रिप्ट वाचतोय’ म्हणेल. या बाईंनी ते चारचौघांत मागितलं. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘बधाई हो’ आला. लग्नाच्या वयाचा मुलगा घरात असताना पुन्हा दिवस राहिलेली आई. तिच्या चेहऱ्यावरची लाज आणि तिच्याखाली दडलेला थोडासा आनंद पाहून आमची ही मध्यंतरात चक्क गप्प होती. सूज्ञांस सांगणे न लगे.

श्रीदेवीच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ला (२०१२) मी यात धरत नाही. पुण्याच्या गौरी शिंदेनं शशी गोडबोले सुरेख उभी केली, पण श्रीदेवी पडलेली नव्हती, थांबलेली होती. त्यात फरक आहे.

आणि तुमच्या जिल्ह्यातल्या, येवल्याच्या ललिता पवार? मूकपटापासूनची नायिका. १९४२ साली एका चित्रीकरणात सहनटानं थप्पड मारायची होती. ती खरीच आणि जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, काही वर्षं उपचारांत गेली, डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. नायिकेचं दुकान बंद. मग त्याच डोळ्याच्या जोरावर त्यांनी सासू अशी रंगवली की, आमच्या आळीत नव्या सुना सासूला पाठीमागं ‘ललिता पवार’ म्हणायच्या. पण मला त्या ‘अनाडी’तल्या (१९५९) मिसेस डिसा म्हणून आठवतात. तोंडानं फटकळ, आतून मऊ. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं.

थप्पड मारणारा नट कोण होता, तर भगवानदादा. पुढचं पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

भगवानदादांचं ‘अलबेला’ हे या विषयातलं मराठी उदाहरण म्हणता येईल का? (एक वाचक, परळ)

तुमच्या गिरणगावातलाच माणूस, तुम्ही विचारणारच. भगवान आभाजी पालव. जन्म अमरावतीचा, बाप गिरणीत, वाढ मुंबईच्या चाळीत. कुस्तीचा षौक. कमी पैशांत झटपट मारधाडीचे सिनेमे काढायचे, ते पिटात चालायचे आणि पांढरपेशे तिकडं वळून बघायचे नाहीत. राज कपूरनं सुचवलं की कौटुंबिक काहीतरी कर. १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. संगीत जुने दोस्त चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, नायिका गीता बाली. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ त्याच वर्षीचे, त्यांच्या गर्दीत हा ठेंगणा, जाडसर, नायकासारखा अजिबात न दिसणारा माणूस नुसते हात हलवत, कंबर जराशी लचकवत नाचला. चालला म्हणजे काय, धो-धो चालला. आमच्या कंपनीतले जुने लोक सांगायचे की, ‘शोला जो भडके’ला पडद्यावर इतकी चिल्लर उधळली जायची की, झाडूवाल्याला पगाराची गरज नव्हती.

पण तुम्ही मला उदाहरण म्हणून विचारताय, म्हणून उरलेलं सांगायला हवं. १९५३ ला ‘झमेला’. पुन्हा तेच संगीतकार, तीच गीता बाली, तोच नाच. ‘अलबेला’ची सर आली नाही. मग ‘लाबेला’. नावसुद्धा यमक जुळवून! टॉकीजवाला लांबट्याचा जुना सिनेमा मागायला आला, तशीच ही गत. फक्त इथं मागणारे खुद्द भगवानदादा होते, आणि ‘अलबेला’च मागत होते. जुहूचा बंगला, रोजची वेगळी मोटार, असं वैभव सांगतात, ते गेलं. शेवटी दादरच्या चाळीतल्या खोल्या. सिनेमांत एखादा मिनिट नाचण्याची कामं.

मी त्यांना एकदाच पाहिलं, विसर्जनाच्या दिवशी. मिरवणुका त्यांच्या चाळीखाली थांबायच्या, बँडवाले ‘भोली सूरत’ धरायचे, पोरं त्यांच्यासारखे हात करून नाचायची. वरती गॅलरीत म्हातारा एक हात वर करायचा. २००२ च्या फेब्रुवारीत ते गेले. अमिताभच्या नाचात भगवानदादा आहेत हे आता सगळेच म्हणतात. पण तो बेताचा लचका आणि तो सैल हात पोरांनी खाली रस्त्यावर आधीच ओळखला होता.

‘जंजीर’च्या त्या पहिल्या दिवसाच्या गल्ल्याचा कागद तुमच्याकडे आहे का? असल्यास छापा. (एक वाचक, कऱ्हाड)

डीसीआर म्हणायचे त्याला, रोजच्या गल्ल्याचा तक्ता. नाही हो. एका पावसाळ्यात ऑफिसच्या गोदामात पाणी शिरलं, त्यात ‘जंजीर’चे सगळे गेले. माझ्याकडे एकच वाचलाय, मॅटिनीला लावलेल्या त्या जुन्या सिनेमाचा, दुसऱ्या दिवसाचा. एकूण एकेचाळीस रुपये, त्यातले दोन मी स्वतः तिकीट काढून बसलो त्याचे. छापू?