ड्रमर गेला, पण आल्बम करायचाच आहे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघं लग्नसराईत आणि गणपतीत वाजवायचो. ड्रमर नोकरीसाठी पुण्याला गेला, कार्यक्रमही कमी झाले. उरलो गिटार, कीबोर्ड आणि गायक. आता स्वतःचा प्रयोगशील आल्बम करायचा आहे. सध्या बीटल्स या इंग्लिश बँडचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा आल्बम रोज ऐकतोय. तसं काही गावात बसून जमेल का? सुरुवात कुठून करावी?
*एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा*

उत्तर : जमेल, आणि तुम्ही आल्बमही योग्य निवडला आहे. ‘रिव्हॉल्व्हर’ ५ ऑगस्ट १९६६ ला आला. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सनी तिकिटाचा शेवटचा कार्यक्रम केला. त्या दौऱ्यात या आल्बममधलं एकही गाणं त्यांनी स्टेजवर घेतलं नाही. स्टेजवर वाजवता येईल का, ही काळजी सुटली म्हणून ते आवाज निघाले. तेव्हा पहिला निर्णय हाच घ्या : हा आल्बम स्टेजवर वाजवायचा आहे की नाही? तिघांनी मिळून ठरवा आणि लिहून ठेवा. हे ठरलं नाही तर प्रत्येक गाण्यात कीबोर्डवाला ‘हे कार्यक्रमात कसं करायचं?’ म्हणून अडेल आणि काम अर्धवट राहील.

दुसरा निर्णय मर्यादेचा. बीटल्सकडे चार ट्रॅकचं, म्हणजे चार थर वेगवेगळे रेकॉर्ड करणारं, मशीन होतं. तुमच्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडता येतात, आणि बहुतेक घरगुती आल्बम तिथेच बुडतात. एका गाण्याला आठ ट्रॅक, एका आल्बमला सात-आठ गाणी, एकूण ३० ते ३५ मिनिटं. ‘रिव्हॉल्व्हर’ही सुमारे ३५ मिनिटांचाच आहे.

त्यांनी ६ एप्रिल १९६६ ला जे गाणं सर्वांत आधी रेकॉर्ड करायला घेतलं, ते आल्बमवर शेवटी आहे : ‘टुमॉरो नेव्हर नोज’. जवळजवळ सगळं गाणं एका सी स्वरावर, म्हणजे आपल्या पांढरी एकवर, उभं आहे आणि खाली तंबोरा चालतो. कॉर्ड बदलायचेच नाहीत म्हटल्यावर कान आपोआप आवाजाच्या पोताकडे जातो. पहिलं गाणं असंच करा :

१. पेटीवर पांढरी एक आणि तिचा पंचम दाबून चार मिनिटं सलग भाता चालवा. गिटार पेटीला जुळवा, ट्यूनर ॲपला नाही. गावातल्या जुन्या पेट्या बहुधा ४४० हर्ट्झच्या हिशेबात नेमक्या नसतात. ॲपवर जुळवलेली गिटार पेटीसोबत लहरत राहते आणि दोष गायकावर येतो.

२. ताल एकच ठेवा, चार मिनिटं न बदलता. ड्रमसेट नसेल तर मोठा ढोल घ्या. जेफ एमरिक तेव्हा २० वर्षांचे होते, बीटल्सचे इंजिनिअर म्हणून नुकतेच आलेले. त्यांनी ड्रमर रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक रेकॉर्ड कंपनीच्या नियमापेक्षा बराच जवळ आणला. तुम्ही ढोलाच्या मागच्या पुडीला घडी घातलेली गोधडी टेकवा आणि माइक पुढच्या पुडीपासून ८ ते १० सेंटीमीटरवर, कडेच्या बाजूला ठेवा. मधोमध ठेवला तर नुसता धप्प आवाज येतो. पातळी सगळ्यात जोराच्या थापेला उणे १० डेसिबलवर थांबली पाहिजे. शून्य डेसिबलच्या वर जाऊ पाहणारी थाप फाटते, ती नंतर सुधारत नाही.

३. गायकाचा आवाज आधी साधा, कोरडा रेकॉर्ड करा. मग तो भजन मंडळाच्या भोंग्यातून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करा. बीटल्सचे गायक जॉन लेनन यांचा आवाज ‘टुमॉरो नेव्हर नोज’च्या उत्तरार्धात लेस्ली या फिरत्या स्पीकरमधून काढला आहे. लेस्ली आपल्याकडे मिळणार नाही, भोंगा मात्र गावोगावी आहे. भोंगा रिकाम्या कोठ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि माइक दोन मीटरवर. भोंग्याला आवाज देण्याआधी ३०० हर्ट्झखालचा भाग कापा, कारण खालच्या आवाजाने त्याच्या युनिटचा पडदा फाटतो. हा नवा आवाज मूळ आवाजाच्या जागी टाकू नका, त्याच्या खाली मिसळा. शब्द मूळ आवाजातून कळतात.

आवाज दुहेरी हवा असेल तर गायकाला तीच ओळ खरोखर दोनदा गाऊ द्या. लेनन यांना दोनदा गाण्याचा कंटाळा होता म्हणून स्टुडिओतले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी टेपवर आपोआप दुसरा आवाज तयार करण्याची युक्ती काढली. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती अशी : ट्रॅकची प्रत करा, ३० मिलिसेकंद मागे सरकवा, पट्टी ०.३ टक्के वाढवा आणि आवाज मूळपेक्षा ४ डेसिबल कमी ठेवा. विलंब ५० च्या पुढे गेला की प्रतिध्वनी वाटू लागतो.

गिटार उलटी वाजवायची असेल तर नुसती कुठलीही धून उलटवू नका, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’मध्ये बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी आधी हवी ती धून ठरवली, मग तिचे स्वर शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवले आणि टेप उलटवली. कामाला वेळ लागतो, पण धून गाण्याच्या स्वरांत बसते. आठ मात्रांपासून सुरुवात करा.

प्रश्न : घरात चालू अवस्थेतला कॅसेट रेकॉर्डर आहे. टेपचा लूप, म्हणजे टोकं जोडून गोल फिरत राहणारी टेप, खरंच करता येतो का? की मोबाइलवरच करावं?
*एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ*

उत्तर : दोन्ही करा, कारण टेपचा आवाज थोडा डुलतो आणि तोच हवा असतो. पाच स्क्रूचं कवच असलेली कॅसेट घ्या, चिकटवलेली उघडताना तुटते. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर धावते, म्हणून ५ सेकंदांच्या लूपला सुमारे २४ सेंटीमीटर टेप लागते. लय मिनिटाला ९६ ठेवली तर ५ सेकंदांत बरोबर आठ मात्रा बसतात. लांबीत कवचानुसार अर्ध्या-एक सेंटीमीटरचा फरक करावा लागेल.

दोन्ही टोकं ४५ अंशांत नव्या ब्लेडने कापा. सरळ काप जोडावर ‘टक्’ वाजतो. ब्लेड लोखंडी असेल तर चुंबकाजवळ ठेवलेलं नसावं. जोड हेडला घासणाऱ्या बाजूवर नको, मागच्या बाजूने द्या. टेप जोडायची खास पट्टी मिळाली तर उत्तम. साध्या सेलोटेपचा डिंक आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उष्णतेत दोन-चार दिवसांत सुटतो आणि हेड व रबरी रोलर चिकट करतो. लूप कोपऱ्यांतल्या दोन्ही छोट्या रुळांवरून आणि एका चाकाभोवती घ्या. बोटाने ओढल्यावर तो सहज सरकला पाहिजे. ताठ असेल तर आवाज रडका होतो, सैल असेल तर रोलर टेप गिळतो. काही मशीन दुसरं चाक फिरत नाही म्हणून आपोआप बंद होतात. तसं झालं तर साधा, स्वयंचलित बंद न होणारा रेकॉर्डर शोधा.

रेकॉर्डचं बटण दाबल्यावर लूप फिरत राहतो आणि आधीचं पुसत जातो. म्हणजे शेवटची ५ सेकंदंच उरतात. हवं ते वाजवून झालं की त्याच क्षणी थांबवा. पुसणाऱ्या हेडवर पातळ प्लास्टिकचा तुकडा बसवला तर थर एकावर एक साचतात आणि जुने हळूहळू फिके होतात. पेटीच्या एकेक स्वराचे असे सहा-सात थर फार सुंदर होतात, नक्की करून बघा.

लॅपटॉपवर लूप कापताना ऑडॅसिटीत निवड करून झेड दाबा. काप शून्य रेषेवर जातो आणि खटका येत नाही. वेग अर्धा केला की आवाज एक सप्तक खाली जातो आणि लांबी दुप्पट होते. खंजिरीची झांज अर्ध्या किंवा पाव वेगावर ऐका, ती घंटेसारखी वाजते. सगळे लूप एकाच लांबीचे करू नका. ३.१, ४.७, ५ आणि ७.३ सेकंद असे ठेवले तर लूप दर वेळी एकमेकांना वेगळ्या जागी भेटतात.

‘टुमॉरो नेव्हर नोज’मध्ये पाच लूप वापरले. इमारतीतल्या वेगवेगळ्या खोल्यांत टेप मशीन होती, माणसं पेन्सिलीवर लूप ताणून धरून उभी होती आणि मिश्रण त्याच वेळी हाताने झालं. तुम्ही चार-पाच मोबाइलवर एकेक लूप चालू ठेवून मंडळाच्या मिक्सरला जोडा आणि बटणं फिरवत एका दमात रेकॉर्ड करा. मोबाइल माइकच्या खोबणीत लावलात तर आवाज फाटेल, ऑक्सची खोबण वापरा. महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्डिंगला आवाज फक्त ‘लाइन आउट’मधून घ्या. स्पीकरच्या तारांमधून कधीही घेऊ नका. भोंग्यांच्या ॲम्प्लिफायरवर १०० व्होल्टची लाइन असते, ती ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) आणि लॅपटॉप दोन्ही जाळते.

प्रश्न : खोलीवर टिनाचं छत आहे, बाजूला शेतातला मोटरपंप. रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं घूं येते. घरात कापूस साठवलेला असतो, त्या खोलीत रेकॉर्डिंग करावं का?
*एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती*

उत्तर : कापसाच्या खोलीत आवाज छान कोरडा होतो, तरीही तिथे करू नका. एक्स्टेन्शन बोर्डची एक ठिणगी वर्षाचं पीक घेऊन जाईल. गाद्या वापरा. १० सेंटीमीटर जाडीची गादी भिंतीला चिकटवून लावली तर साधारण ८५० हर्ट्झच्या वरचं चांगलं शोषते. तीच भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे उभी केली तर परिणाम ४३० पर्यंत उतरतो. गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना गाद्या हव्यात. अंड्यांच्या ट्रेने जवळजवळ काही होत नाही, त्यावर पैसे घालू नका.

घूं घूंसाठी आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्यात आहे, बॅटरीवर रेकॉर्ड करा. अर्थिंगची पिन मात्र कापू नका. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर गिटारच्या पिकअपमध्ये भुणभुण येणारच, साइन वेव्हचा हवा. उरलेली गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद काप देऊन कमी करता येते. पंपाचा स्टार्टर पडतानाचा खटका मात्र काढता येत नाही, तेवढा टेक पुन्हा घ्या.

टिनाचं छत ऊन चढताना आणि उतरताना कडकड वाजतं, म्हणून उन्हाळ्यात रात्री अकरानंतर बसा. कूलर टेकपुरता बंद, मधल्या वेळेत चालू.

प्रश्न : गावच्या मंडळाची खंजिरी आणि राष्ट्रसंतांचं भजन आल्बममध्ये घ्यायचं आहे. काय काळजी घ्यावी?
*एक वाचक, ता. तिवसा, जि. अमरावती*

उत्तर : खंजिरीला माइक समोरून लावू नका, झांजा कानाला टोचतात. २० ते २५ सेंटीमीटर अंतरावरून, चामड्याकडे तिरका ठेवा. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, तेव्हा ६० वॉटच्या बल्बजवळ हळूहळू शेका. मे महिन्यात ते उलट ताठून फाटू शकतं, ओलसर फडकं आतून फिरवा. एका गाण्याची सगळी खंजिरी एकाच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी स्वर तोच राहत नाही.

भजनाचं म्हणाल तर तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं. आपल्या कायद्यात लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे इथे २०२८ च्या अखेरपर्यंत चालतो. तोवर शब्द वापरायला हक्कधारकांची लेखी परवानगी घ्या. छापील कॅसेटमधला तुकडा कापून लूप करायचा असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. वाजवणाऱ्यांची नावं आल्बमवर द्याच. ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावरही तबल्यासाठी अनिल भागवत यांचं नाव छापलेलं आहे.

प्रश्न : आमच्यातले दोघं दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवतात, होळीपर्यंत मोकळे नसतात. तोवर काम थांबवावं का?
*एक वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली*

उत्तर : थांबवू नका. दिवाळीआधी दोघांचा ताल आणि पेटीचे स्वर रेकॉर्ड करून ठेवा, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला चार मोजण्याचे टोले घेऊन. नंतरचे थर त्या टोल्यांवर जुळतात. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये ठेवा. एमपीथ्री पाठवू नका, तिच्या सुरुवातीला बारीक मोकळी जागा शिरते आणि थर मागेपुढे होतात. प्रत दोन ठिकाणी हवी, त्यातली एक लॅपटॉपबाहेर. नाटकांच्या दिवसांत घरी उरलेल्यांनी लूप आणि आवाज करावेत, मिश्रण मात्र सगळे परत आल्यावरच.